जुन्या पावसांचं पाणी

आडी महिना, तमिळांचा आषाढ, लागला तरी एक सर आली नव्हती. वारा मात्र आडीचाच होता. दुपारभर सुटायचा आणि मेडूवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या उडवून कनकाच्या कुंपणाला आणून लावायचा. मेडू म्हणजे शहराचा कचऱ्याचा डोंगर. कनका लग्न होऊन आली तेव्हा तो कुंपणापासून लांब होता आणि डोंगर म्हणावा असाही नव्हता. आता सकाळचं ऊन त्याला ओलांडून अंगणात यायचं, त्यामुळे उशिरा यायचं.

विहीर त्याच कुंपणालगत होती. सिमेंटच्या गोल कड्या एकावर एक रचून उतरवलेली, तीन उन्हाळे कोरडी. तरी कनका रोज सकाळी तीत बादली सोडायची. सासऱ्यांचा, बालाजीरावांचा, तसा हुकूमच होता.

"विहिरीला रोज हाक मारावी लागते गे," ते म्हणत. "हाक मारणारं कुणी उरलं नाही की ती ओ द्यायची विसरते."

कप्पी कुरकुरायची. काथ्याचा दोर तळव्यांतून सरकायचा, बादली कड्यांवर आपटत खाली जायची आणि तळाच्या सुकल्या चिखलावर आवाज व्हायचा, ठप्प. ओसरीवरच्या बाजेवरून बालाजीराव विचारायचे, "आली काय?"

ते कावेरीबद्दल विचारायचे. तंजावरकडच्या त्यांच्या गावात सगळं पाणी कावेरीच होतं. कालव्यातलं, विहिरीतलं, तांब्यातलंही. तरुणपणी चेन्नईच्या या कडेला येऊन त्यांनी जमीन घेतली, पालेभाजीचे, कीरैचे वाफे घातले, त्यात जन्म गेला. पण विहिरीचं पाणी त्यांच्या लेखी कावेरीच राहिलं.

"नाही मामंजी," कनका म्हणायची.

"सरी," ते म्हणायचे; तमिळ सरी, म्हणजे बरं. "उद्या येईल."

आणि एका सकाळी ठप्प झालं नाही. डुबुक झालं.

कनका दोर धरून तशीच उभी राहिली. खाली बादली कलंडली, भरली, जड झाली. ते वजन दोरातून मनगटात आलं, मनगटातून खांद्यात चढलं. एवढ्या दिवसांत खांदा ते वजन विसरला नव्हता. मान वळवून ती काही सांगणार, तोवर बालाजीराव काठी न घेताच ओसरीच्या पायरीपर्यंत आले होते.

"आली," ते म्हणाले. या खेपेला विचारलं नाही.

पाणी नितळ होतं. बालाजीरावांनी ओंजळीत घेतलं, आधी डोळ्यांना लावलं, मग प्यायले. दोन थेंब हनुवटीच्या पांढऱ्या खुंटांवर अडकून राहिले. "गोड आहे," ते म्हणाले. मग कनकाला देवघरातला तांब्याचा गडू आणायला लावला, तो काठोकाठ भरला आणि त्याचं तोंड मेणानं बंद केलं. त्यांच्या वडलांनी काशीहून गंगा आणली होती ती अशीच, मेण लावून.

कनकाची मुलगी सहाना तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली होती. अण्णा नगरला एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नुकतीच लागली होती. तिच्या बॅगेत नेहमी कुठली तरी माती असायची. तिनं विहिरीत वाकून पाहिलं.

"पाऊस कुठे झालाय, ताता?" तिनं आजोबांना विचारलं.

"कोडगूत झाला असेल. कावेरी तिथनंच निघते."

"कोडगूचं पाणी इथं कसं येणार?"

"वाट चुकून आली असेल. तू कॉलेजाची वाट चुकून सिनेमाला पोचत नव्हतीस काय?"

सहानाच्या तोंडातला फेस हसण्यानं उडाला. कनका हसली नाही. ती विहिरीच्या काठावर हात ठेवून उभी होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट चालली होती, ती म्हणजे फोन.

विहीर आटली त्या वर्षी तिचा नवरा व्यंकट अंबत्तूरला गेला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम होतं, तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये खोली होती, दोघातिघांत मिळून. निघताना त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि कोरड्या वाफ्यांकडे पाहून म्हटलं, "विहिरीला पाणी लागूं दे गे. त्या दिवशी मी परत." पहिल्यांदा तो दर रविवारी यायचा. मग एका आड एक. आला की आंघोळीला जाताना टॉवेल कुठे आहे ते विचारायचा. भात पुन्हा वाढायला गेली तर "पुरे, पुरे" म्हणायचा, पाहुण्यासारखा. त्याच्या हातांना मातीचा वास यायचा तिथं यंत्राच्या तेलाचा वास येऊं लागला. सोमवारी पहिल्या बसनं तो जायचा आणि कनका त्याचं अंथरूण गुंडाळायची. ते एका रात्रीचं होतं, त्यामुळे त्याला अंगाचा आकारही आलेला नसायचा.

तिनं फोन लावला. पलीकडे यंत्रांचे ठोके पडत होते.

"मामंजी बरे आहेत," ती आधीच म्हणाली, कारण तो तेच विचारणार होता. "विहिरीला पाणी लागलंय."

ठोके पडत राहिले.

"पाऊस पडला काय तिकडे?"

"नाही."

"मग?"

"मग काय? लागलंय. गुडघाभर आहे."

"तू आत उतरलीस काय?"

"मी काहाला उतरूं? बादली उतरली."

तो हसला. फोनवर तो हसल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. "अठराव्या आडीला येतो," तो म्हणाला. "बी काढून ठेव." अठरावी आडी म्हणजे आडीचा अठरावा दिवस, कावेरीचा सण.

त्या दिवसापासून कनका कामाला लागली. आडीत पेरावं, हे तिकडच्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. वाफ्यांची माती भाजल्या विटेसारखी झाली होती. तिनं मम्मटीनं, त्या रुंद पात्याच्या फावड्यानं, ढेकळं उलटी केली. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले, मग तिनं जुन्या साडीची पट्टी बांधली. शेळीच्या लेंड्या आणून पसरल्या. बादलीमागून बादली ओढून वाफे भिजवले. पाणी जमिनीवर पडलं की जमीन आवाज करायची, चुर्र, तव्यावर पडल्यासारखा. संध्याकाळी पाठ ओसरीच्या खांबाला टेकवली की मणका मणका वेगळा कळायचा. तरी सकाळी विहिरीत पाणी आदल्या दिवसापेक्षा वर असायचं. एक कडी बुडाली. दुसरी बुडाली.

मेडूवर त्याच दिवसांत डोझर सुरू झाला होता. सकाळपासून धडधडत इकडून तिकडे, तिकडून इकडे. तो चालवणारा मुरली मागच्या गल्लीत राहायचा आणि दुपारी ताक प्यायला कनकाकडे यायचा. पेला घ्यायच्या आधी तो कुंपणाशीच हात धुवायचा, कोपरापर्यंत.

"काय रे, सण आहे काय तुझ्या डोझरचा? आमची भांडी फळीवरून उतरतायत."

"पलीकडच्या बाजूला जुना कचरा खणून चाळतायत, अक्का. ओलं असेल ते चाळणीतून जात नाही, लगदा होतो. ते सगळं इकडे. त्यांनी टाकायचं, मी दाबायचं. दाबलं नाही तर घसरून तुमच्या अंगणात येईल."

"आणि दाबलं की?"

"दाबलं की बसतं. सकाळी वर चढलो की तुमची विहीर दिसते. संध्याकाळी तिथंच उभा राहतो तर दिसत नाही. मेडू खाली गेला की माझी उंची कमी झाली, मलाच कळत नाही." तो ताक संपवून मिशी पुसत म्हणाला, "घरी बायको म्हणते दुसरंच काही तरी कमी झालंय."

"जा मेल्या," कनका म्हणाली.

मेडूपलीकडे वसाहतीची निळी पाण्याची टाकी होती. विहिरीपाशी उभं राहिलं की तिचं नुसतं टोपण दिसायचं. ढिगारे आले तेव्हा टोपणही गेलं. आता, आठवड्याभरात, पुन्हा टोपण दिसत होतं, आणि टोपणाखालची गोल कडही. कनकानं ते पाहिलं होतं. पाहिलं आणि बादली सोडली.

अठराव्या आडीच्या दोन दिवस आधी डाळ शिजली नाही. दोनदा पाणी घातलं, दाणे तसेच, कडेला पांढरे. कनकानं वाण्याला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी साबणाला फेस आला नाही. डोक्यावर चिकट साय धरली ती केसांतून निघेना. विहिरीच्या पाण्यावर जन्म काढलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. तिनं तांब्या उजेडात धरला. पाणी नितळच होतं. नितळ म्हणावं असंच होतं. तिनं तो ओतून दिला आणि कुणाला काही बोलली नाही.

अठराव्या आडीला ती सगळ्यांच्या आधी उठली. चहाच्या दुकानामागच्या नळावरून दोन कॅन भरून आणले. रांगेत एक बाई म्हणाली, "विहिरीला कावेरी आलीय म्हणे, मग नळावर काहाला?" कनका म्हणाली, "पाहुणे आहेत," आणि कॅन कमरेवर घेतला. घरी येऊन तिनं पितळी घागर घासली, कॅनचं पाणी तीत ओतलं, आणि घागर नेऊन विहिरीच्या काठावर ठेवली, आत्ताच ओढून काढल्यासारखी. बाहेरच्या बाजूला थोडं पाणी शिंपडलंसुद्धा.

व्यंकट आला तो नवा शर्ट घालून. आल्या आल्या विहिरीत वाकून पाहिलं आणि लहान मुलासारखी आत हाक मारली, "ओ!" विहिरीनं "ओ" परत दिली, ओली, जड. तो वळून कनकाकडे बघून हसला.

या दिवसांत कावेरी पोटुशी असते. तिला डोहाळे लागतात, ते पुरवायला अठराव्या आडीला रंगारंगाचे भात करायचे: लिंबाचा, चिंचेचा, नारळाचा, दह्याचा. कनकानं चारही केले होते, सगळे कॅनच्या पाण्यात. कावेरी इथं कुठली. म्हणून या घरात विहिरीची पूजा व्हायची. कनकानं काठावर हळदीचा दिवा लावला, ताडपानाची कर्णफुलं आणि काळे मणी पाण्यात सोडले. बालाजीरावांनी सगळ्यांच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला. व्यंकटनं घागरीतून तांब्या भरला आणि मान मागे टाकून घटाघटा प्यायला. कंठमणी वर-खाली होत होता. कनका तिकडेच पाहत होती.

"गोड आहे," तो म्हणाला.

"मी काय सांगत होतो?" बालाजीराव म्हणाले.

कनकानं मनगटावरच्या दोऱ्याची गाठ उगीचच घट्ट केली.

दुपारी व्यंकटनं नवा शर्ट काढून खांबाला अडकवला आणि पेरणी केली. बी राईहून बारीक. ते वाळूत मिसळून मुठीनं फेकावं लागतं, नाही तर एका जागी दाट पडतं. तो मागे मागे चालत फेकत होता. पोट जरा सुटलं होतं, पण मनगटाची फेक तीच होती. कनका मागून झारीनं पाणी घालत होती, विहिरीचं. मध्येच दोघं समोरासमोर आली. त्यानं तिच्या तळहाताची पट्टी सोडवून पाहिली, फोडांवर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून राहिला.

"महिनाअखेरीला सुपरवायझरला सांगून टाकतो," तो म्हणाला. "कीरै कापायला येईन तो राहायलाच."

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं आपणहून दुसऱ्यांदा भात मागितला.

कीरै उगवली. अशी उगवली की कनकाच्या आयुष्यात उगवली नव्हती. पानं काळपट हिरवी, हातभर लांब, जाड देठ. मुरली कुंपणावरून म्हणाला, "अक्का, काय खायला घालता हिला?" पण कनकाला पानांच्या कडा दिसत होत्या, जळल्यासारख्या, तपकिरी. वाफ्याची माती वाळली की वर पांढरा थर येत होता. आणि विहिरीतलं पाणी आता उजेडात न धरताही कळत होतं. त्याला रंग आला होता, दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा.

एका रविवारी कनका खोवलेलं खोबरं फडक्यात घालून दूध पिळत होती. व्यंकटचा तो रविवार नव्हता. सहाना समोर येऊन बसली. तिच्या हातात बाटली होती.

"अम्मा, लॅबमध्ये बघितलं मी. हे पाणी पाण्याचं नाही."

"मग कशाचं?"

"मेडूचं."

कनका पिळत राहिली. "पाऊस नाही काही नाही, मेडूला पाणी कुठनं येणार?"

सहानानं तिच्या मुठीकडे बोट केलं. "तू आता खोबऱ्यात पाणी घातलंस काय?"

"नाही."

"मग हे कुठनं येतंय?"

कनकाच्या बोटांमधून पांढरं दूध पातेलीत ठिबकत होतं.

"कचरा पाणी धरून ठेवतो, अम्मा. कागद, चिंध्या, नारळाच्या करवंट्या, माती, सगळ्याच्या फटीत पाणी बसतं. वर्षंच्या वर्षं बसून राहतं. वरून वजन आलं की फटी मिटतात. फट मिटली की पाण्याला जागा नाही. मुरली अण्णा रोज तेच करतायत, मूठ आवळतायत. मेडू बसतो तेवढी विहीर चढते. टाकी बघ ना, आता अर्धी दिसते."

"माहीत आहे मला टाकी," कनका म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "किती वर्षांचं पाणी असेल ते?"

"काय माहीत? त्या मोठ्या पुराच्या वर्षीचंही असेल. वादळ आलं होतं, आपलं छप्पर गेलं होतं, त्या वर्षीचंही."

त्या वर्षी व्यंकट रात्रभर ताडपत्री धरून उभा होता आणि कनका त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं टोक धरून. सकाळी दोघांना हात खाली घेता येईनात म्हणून दोघं हसत सुटली होती. तो पाऊस तिथं वर होता म्हणायचा. इतकी वर्षं तिथंच होता. सगळे पाऊस तिथं होते.

"पहिल्या दिवशीचंही मेडूचंच?" तिनं विचारलं. "मामंजींनी गडूत भरलं ते?"

सहानानं विचार केला. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती, कनकाला ते माहीत होतं. "नाही. ते आपलं असणार. मेडूचं पाणी जमिनीत शिरलं की आधी जमिनीतलं जुनं पाणी पुढं ढकललं जातं. ते पहिलं आलं. मग हे. पहिलं होतं ते आपलंच, अम्मा. शेवटचं."

पातेलीतलं दूध पुरेसं झालं होतं. कनका तरी मूठ आवळतच राहिली.

"आणि ते दाबायचे थांबले की?"

"पाणी उतरेल. हळूहळू. पण जे खाली गेलं ते गेलं." मग सहाना हळू म्हणाली, "कीरै विकूं नको. आणि अंबत्तूरला अप्पांना सांग. का मी सांगूं?"

"तू नको."

दुसऱ्या दिवशी कनकानं वाफे उपटले. देठ मुळासकट येत होते, पांढरी मुळं, ओल्या मातीचे गड्डे. एवढी मोठी पानं पाहून भाजी घेणाऱ्या अण्णा नगरच्या बायका दारातून धावत आल्या असत्या. तिनं भारे बांधले आणि कुंपणापलीकडे, मेडूच्या पायथ्याशी, नेऊन टाकले. मुरलीनं डोझर थांबवून खाली पाहिलं. मग त्यानं डोझर मागे घेतला, पुढे आणला आणि त्या हिरव्यावरून नेला.

व्यंकटचा फोन शुक्रवारी आला. "सोमवारी सांगतो सुपरवायझरला. कीरै किती झाली?"

"झाली," कनका म्हणाली. "मी उद्या येते तिकडे."

"इकडे? काहाला?"

"येते म्हटलं ना."

तिनं बालाजीरावांकडे गडूतलं थोडं पाणी मागितलं. त्यांनी अठराव्या आडीपासून कॅनचंच पाणी प्यायलं होतं, आणि कुठलं म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. आता त्यांनी गडू मांडीवर घेतला. मग स्वतःच नखानं मेण उकरलं.

"ने. त्याला सांग, गडू भरलेला आहे. रिकामं आहे ते घर."

अंबत्तूरला ती याआधी कधी गेली नव्हती. दोन बस बदलून उतरली, तेव्हा दुपारची सुटी झाली होती. कारखान्याच्या फाटकातून माणसं बाहेर पडत होती आणि प्रत्येकाच्या हाताला तोच तेलाचा वास असणार, असं तिला वाटलं. व्यंकटनं तिला शेडकडे नेलं. तीन खाटा, तीन खुंट्या, तीन टॉवेल. त्याचा टॉवेल तिनं लगेच ओळखला. घरून गेलेला, कडेला तिनंच टाके घातलेला. तिला बसायला त्यानं खाटेवरचं अंथरूण नीट केलं. त्याला मधोमध खोल आकार आला होता.

खिडकी मागच्या बाजूला उघडत होती. पत्र्याखाली तेलाचे रिकामे डबे कापून ओळीनं मांडले होते, आणि डब्यांत कीरै होती. बुटकी, फिकी हिरवी, पण कीरै.

"हे काय?"

व्यंकट ओशाळला. "उगीच. घरचं बी होतं खिशात. पहिल्या वर्षीच लावलं. रविवार जात नाही इथं."

"मग रविवारी घरी काहाला येत नाही?"

तो खिडकीचा गज धरून उभा राहिला. "आलं की सोमवारी निघावं लागतं, कनका."

तिचं नाव त्यानं घेतल्याला बरेच दिवस झाले होते. ती खाटेच्या काठावर बसली आणि पिशवीतून दोन बाटल्या काढून मध्ये ठेवल्या. एकीत चहाच्या रंगाचं पाणी होतं, दुसरीत नितळ.

"हे आता विहिरीत आहे ते," ती म्हणाली. "मेडू दाबतायत, त्यातून पिळून येतंय. कीरै उपटली मी. अठराव्या आडीला तुम्ही प्यायलात ते नळाचं होतं. मी कॅननं आणलं होतं. मला आधीच कळलं होतं."

बाहेर कुणी तरी ताट घासत होतं. व्यंकटनं तपकिरी बाटली हातात घेतली, हलवली, फेस वर आला तो पाहिला आणि खाली ठेवली.

"काहाला केलंस?"

"तुम्ही म्हणाला होतात, पाणी लागलं की येतो."

मग त्यानं दुसऱ्या बाटलीकडे हात नेला. "आणि हे?"

"हे पहिल्या दिवशीचं. सहाना म्हणते, हे आपल्या जमिनीतलंच होतं. याच्यामागून आता आपलं काही नाही."

व्यंकटनं टोपण काढलं. वास घेतला. एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला, गिळायला तयार नसल्यासारखा. अखेर गिळला.

"थोडं तांब्याचं लागतंय," तो म्हणाला.

"गडूतलं आहे."

त्यानं बाटली तिच्यापुढे केली. तीही एक घोट प्यायली. उरलेलं त्यानं खिडकीतून हात घालून डब्यांत ओतलं, एकेका डब्यात थोडं थोडं, शेवटच्या डब्याला पुरेल असं.

"सोमवारी मी बोलणार होतो," तो पाठमोराच म्हणाला.

"बोलूं नका," कनका म्हणाली. हे वाक्य ती दोन्ही बसांत घोकत आली होती. "पाणी आता येणार नाही. पण तुम्ही येणं पाण्यावर ठेवूं नका."

सुटी संपल्याचा भोंगा झाला. ती घरून आणलेला जेवणाचा डबा त्याच्या हातात देऊन उठली. फाटकापाशी तो आत वळला, पुन्हा बाहेर आला आणि तिची रिकामी पिशवी बस येईपर्यंत आपल्या हातात धरून उभा राहिला. उशीर झाला म्हणून आतून कुणी तरी ओरडत होतं.

पुढं काही दिवसांनी मेडूवरचा डोझर दुसऱ्या बाजूला गेला. निळी टाकी आता पोटापर्यंत दिसायची आणि सकाळचं ऊन अंगणात थोडं लवकर यायचं. विहीर एकेक कडी उतरत गेली. उतरताना प्रत्येक कडीवर काळी रेघ सोडत गेली. कनका रोज बादली सोडत होती. वर आलेलं पाणी बालाजीरावांना दिसणार नाही अशा बाजूला ओतत होती. ते "आली काय?" विचारत आणि ती "आहे, मामंजी" म्हणत असे.

मग एका रविवारी, जो व्यंकटचा रविवार नव्हता, फाटक वाजलं. सहाना अजून झोपलेली होती. कनका दोर हातात घेऊन कप्पीखाली उभी होती. व्यंकट आत आला, चपला काढल्या, पिशवी ओसरीवर टाकली. टॉवेल कुठे म्हणून विचारलं नाही. खुंटीवरून स्वतःच ओढून खांद्यावर टाकला. तिच्याजवळ येऊन त्यानं तिच्या हातातला दोर घेतला आणि बादली सोडली.

कप्पी कुरकुरली. बादली कड्यांवर आपटत खाली गेली. दोघंही काठावर वाकून ऐकत होती.

ठप्प.

ओसरीवर बाज करकरली. बालाजीराव कोपरावर उठून बसले होते.

"आली काय?"

व्यंकटनं दोर एका हातानं घट्ट धरला आणि ओसरीकडे मान वळवली.

"मी आलोय, अप्पा."

बालाजीरावांनी मान डोलावली. मग पुन्हा आडवे झाले. "सरी," ते म्हणाले.

व्यंकट रिकामी बादली ओढत होता. हलकी होती, तरी तो दोन्ही हातांनी, सावकाश ओढत होता. कनकानं खालून सैल दोर धरला आणि त्याची वेटोळी करत राहिली. सोमवारची पहिली बस अजून लांब होती.